अर्धुक आहे?

परवा एका लग्नात, हातात गुलाबजामची वाटी घेतलेले एक गृहस्थ २०११ सालच्या वर्ल्ड कप फायनलचं वर्णन करत होते. भोवती सात-आठजण जमले होते. धोनीनं कुलशेखराला मारलेला तो शेवटचा सिक्स. गृहस्थांनी चमच्यानं बॅट फिरवली, पाक उडाला, आणि ते म्हणाले, "असा! असा माझ्या डोक्यावरून गेला चेंडू!"

मागून आवाज आला, "अर्धुक आहे?"

मी डोळे मिटून घेतले.

"काय?" गृहस्थ म्हणाले.

"तिकिटाचं अर्धुक. गेटवर फाडल्यावर आपल्या हातात उरतं ते."

"अहो, किती वर्षं झाली आता! ते कोण ठेवतं?"

"बरं. बसला कुठल्या स्टँडला होतात?"

"ते आपलं... चर्चगेटच्या बाजूला."

"वानखेडेत सगळंच चर्चगेटच्या बाजूला आहे. टॉस किती वेळा झाला?"

"टॉस एकदाच होतो हो!"

"दोनदा झाला. संगकाराचा कॉल गोंगाटात ऐकूच गेला नाही, म्हणून पुन्हा उडवावा लागला. स्टेडियमात असलेल्या माणसाला हे माहीत असतं."

गृहस्थांनी उरलेला गुलाबजाम तसाच ठेवला आणि ते नवऱ्या मुलाला आहेर द्यायला गेले. मुलीकडचे होते, नवऱ्या मुलीचे सख्खे मामा. हे आम्हाला नंतर कळलं. अर्धुकरावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मामा असले म्हणून काय झालं?"

असा एक इसम तुमच्याही माहितीत असणार. सिनेमाची तिकिटं जपणारा, रेल्वेची जपणारा, नाहीतर नाटकांची. आमच्याकडे मॅचचा आहे. वानखेडेत तेहेतीस हजारांच्या आसपास माणसं मावतात. २ एप्रिल २०११ च्या रात्री तिथे आपण होतो असं सांगणारे मला आजवर जितके भेटले, ते सगळे खरोखर आत असते तर मरीन ड्राइव्ह समुद्रात गेला असता. अशा लोकांचा नायनाट करणं हे अर्धुकरावांचं निवृत्तीनंतरचं काम आहे. पेन्शन सरकारी हिशेब खात्याचं, सवयही तिथलीच. व्हाउचर नाही तर खर्च नाही. अर्धुक नाही तर मॅच नाही.

एकदा पंच्याहत्तरीच्या समारंभात सत्कारमूर्तींनीच सांगितलं की ब्रेबॉर्नवर अब्बास अली बेगचा मुका घेणारी ती मुलगी आपण याची देही याची डोळा पाहिली. अर्धुकरावांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. मॅच जानेवारी १९६०ची. "म्हणजे तुम्ही दहा-अकरा वर्षांचे," ते म्हणाले. "वडील क्लबाचे मेंबर होते का?" वडील चिपळूणला होते. पेढा तोंडात तसाच राहिला.

अर्धुकरावाचं खरं नाव सांगून उपयोग नाही, त्याच्या बायकोलाही ते रेशन कार्डावर बघावं लागतं. गिरगावच्या चाळीत आम्ही चौघे एकत्र वाढलो. तो, मी, बंड्या आणि टेलिफोन. टेलिफोन हा टेलिफोन खात्यात होता म्हणून नव्हे, त्याचा आवाज फोनशिवाय परळपर्यंत जायचा म्हणून. आम्ही त्याला तोंडावर 'अर्ध्या' म्हणतो. पाठीमागे अर्धुकराव म्हणतो, कारण मागून बोलताना आदर ठेवायला काही खर्च येत नाही.

अर्धुकं असतात ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. झाकणावर बर्फातलं एक विलायती घर, त्यासमोर घसरगाडी. आत डांबराच्या गोळ्या. चाळीस वर्षांत त्या डब्यानं किती पाहुण्यांची निराशा केली असेल याचा हिशेब फक्त वहिनींकडे. "ह्या डब्यातनं ज्या दिवशी बिस्किट निघेल ना," त्या म्हणतात, "त्या दिवशी मी सत्यनारायण घालीन."

डब्यातलं पहिलं अर्धुक हे अर्धुक नाहीच. तो एक राखाडी लगदा आहे. जानेवारी १९७५, वानखेडेवरची पहिली टेस्ट, समोर वेस्ट इंडिज. वडील त्याला एक दिवस घेऊन गेले. नेमका क्लाइव्ह लॉइडच्या द्विशतकाचा दिवस. लॉइड पुढे नाबाद २४२. घरी आल्यावर तिकीट वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात राहिलं, सदरा आईनं भिजत घातला, आणि धोक्यानं कुटल्यावर खिशातून जे निघालं ते हे. अर्धुकराव चिमट्यानं उचलून दाखवतो. "लॉइड," म्हणतो. आपण मान डोलवायची. विभूतीच्या पुडीकडे बघून डोलवतो तशी.

लॉइडचे दोनशे झाले तेव्हा एक पोरगा त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवला, आणि मग पब्लिक पेटलं, बाकं जळाली, उरलेला खेळ गेला. मुंबईच्या क्रिकेटमधली ही गाजलेली गोष्ट. मी एकदा विचारलं, "मग तो पोरगा धावताना कसा दिसला रे?"

"मी नळावर होतो," तो म्हणाला. "पाणी प्यायला."

इथून परंपरा सुरू होते.

कारण अर्धुकरावाच्या डब्यात मुंबईतल्या पन्नास वर्षांच्या क्रिकेटचा पुरावा आहे आणि त्यातला एकही मोक्याचा क्षण त्यानं पाहिलेला नाही. हजर सगळीकडे. पाहिलं काही नाही. पोस्टमन जसा सगळ्या लग्नांच्या पत्रिका हाताळतो आणि जेवायला कुठेच नसतो, तसं.

५ नोव्हेंबर १९८७. वर्ल्ड कप सेमीफायनल, इंग्लंड. गूचनं दिवसभर झाडू मारल्यासारखे स्वीप मारून ११५ केलेले. गावसकर उतरला. आपल्या गावात, आपल्या मैदानावर, आणि त्याचा हा शेवटचा एकदिवसीय सामना ठरायचा होता. चार धावा झाल्या, आणि डिफ्रीटसनं दांडी उडवली. सगळं वानखेडे गपगार झालं. अर्धुकराव त्या वेळी बाकाखाली डोकं घालून काहीतरी शोधत होता. डोकं वर काढून म्हणाला, "काय झालं? शांत का सगळे?"

२७ फेब्रुवारी १९९६. वानखेडेवर पहिल्यांदाच दिव्यांच्या उजेडात मॅच. ऑस्ट्रेलिया. सचिन असा खेळत होता की माझ्या शेजारचा अनोळखी गुजराती माणूस माझा हात धरून बसला होता. नव्वदवर असताना मार्क वॉनं वाइड टाकला आणि सचिन स्टंप झाला. अर्धुकराव वडापावच्या रांगेत. चार वडापाव घेऊन आला आणि चारही तसेच राहिले, कारण कोणाला भूक नव्हती. त्याला होती, पण त्याला लाज वाटली.

३ फेब्रुवारी २००२. फ्लिंटॉफनं श्रीनाथची दांडी उडवून शर्ट काढला आणि उघड्या अंगानं मैदानभर धावला. पुढे लॉर्ड्सच्या गॅलरीत गांगुलीनं त्याची परतफेड केली, ती सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. मूळ शर्ट मात्र अर्धुकरावाच्या डोळ्यांसमोर निघायला हवा होता. तो तेव्हा सीएसटीच्या फलाटावर उभा होता.

डिसेंबर २००९. ब्रेबॉर्नवर छत्तीस वर्षांनी टेस्ट. सेहवाग रात्री २८४ वर नाबाद, सकाळी तिसरं त्रिशतक होणार म्हणून पब्लिक लवकर जमलेलं. सेहवाग २९३ वर मुरलीधरनच्याच हातात झेल देऊन गेला. अर्धुकराव गेटबाहेर, एका हवालदाराशी वाद घालत.

आणि २०११. तो सिक्स. मामांच्या डोक्यावरून गेलेला. अर्धुकराव स्टेडियमात होता, पुराव्यासकट. चेंडू उडाला, सगळे उभे राहिले, आणि पाच फूट तीन इंचांच्या अर्धुकरावानं काय पाहिलं? समोरच्या इसमाची पाठ. निळा शर्ट. त्यावर आकडा १०. भारतानं अठ्ठावीस वर्षांनी वर्ल्ड कप जिंकला तो त्याच्यापुरता त्या दहाच्या आकड्यात.

म्हणून मी म्हणतो की त्याला 'पाहिलंस का?' हा प्रश्न विचारू नये. तोही हा शब्द कधी वापरत नाही. "होतो," म्हणतो. हिशेब खात्यातला माणूस, शब्दाला पक्का.

अर्धुक मिळवण्याची त्याची पद्धत सांगायला हवी, कारण तिच्यापायी आम्ही कित्येकदा पहिली दोन षटकं गमावली आहेत. गेटवरचा माणूस तिकीट कसंही ओरबाडतो. अर्धुकराव तिकीट त्याच्या हातात देतच नाही. स्वतः धरतो, दोन्ही अंगठे टिंबांच्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे ठेवतो, आणि म्हणतो, "दादा, आता फाडा. टिंबांवरून. घाई नको." मागे दोन हजार माणसं. त्यातला निम्मा जमाव आपल्याला आईवरून शिव्या देतोय आणि हा गेटकीपरला बारशातल्या आत्याबाईसारखं मार्गदर्शन करतोय. एकदा तर घडी नीट पडावी म्हणून खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणली होती. ती पोलिसांनी काढून घेतली. त्याचं दुःख त्याला सेहवागच्या सात धावांपेक्षा जास्त आहे.

फेब्रुवारी १९९३ मध्ये, कांबळीच्या २२४ वाल्या टेस्टला, एका गेटकीपरनं तिकीट तिरकं फाडलं. सीट नंबरचा शेवटचा आकडा त्याच्याकडे गेला. संध्याकाळी सगळं स्टेडियम रिकामं झालं तरी हा गेटवर. हवालदाराची परवानगी काढून फाटक्या तिकिटांचं पोतं उपसत बसला. तासाभरानं तो तुकडा सापडला. घरी जाऊन भाताच्या शितानं चिकटवला. त्याची मुलगी त्याच सुमाराची. वाढदिवस विचारला तर तारीख सांगत नाही, "कांबळीनंतरचा सोमवार" म्हणतो. मुलगी आता पुण्यात आयटीत आहे, फॉर्म भरताना तिला त्रास होत असणार.

आपण हसलो की तो एक गोष्ट सुनावतो, आणि दुर्दैवानं ती खरी आहे. "वानखेडे स्टेडियम बांधलं कशापायी? क्रिकेटपायी?" तो विचारतो. "तिकिटांपायी." ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मॅचेस मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या. आपल्या वाट्याला तिकिटं किती, यावरून दोघांची जुंपली, आणि शेषराव वानखेडे यांनी 'आपलं आपण बांधू' म्हणून ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम तेराएक महिन्यांत उभं केलं. असलेल्या स्टेडियमच्या शेजारी, तिकिटांच्या भांडणातून, दुसरं स्टेडियम. "तुमचा ताजमहाल प्रेमासाठी असेल," अर्धुकराव म्हणतो, "आमचा कोट्यासाठी आहे." आणि खरंच, मुंबईत मोठ्या मॅचचं तिकीट बाजारात मिळत नाही, ते ओळखीतून पाझरतं. कुठल्यातरी क्लबाच्या सेक्रेटरीच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याकडून. ते पाझरवून आमच्या चौघांच्या हातावर ठेवण्याचं काम पस्तीस वर्षं अर्धुकरावानं केलं. आम्ही फक्त बसायला गेलो. हे तेव्हा लक्षात आलं नाही. लक्षात न येण्याची आमचीही परंपरा आहे.

आता तिकीट फोनवर येतं. गेटवर एक पोरगी यंत्र दाखवते, 'टुं' वाजतं, जा आत. फाडणं नाही, उरणं नाही. हे पहिल्यांदा झालं तेव्हा अर्धुकराव यंत्रापाशी तसाच उभा राहिला, अंगठे पुढे करून. "काका, झालं," पोरगी म्हणाली. "काय झालं?" हा म्हणाला. हल्ली तो फोनमधल्या तिकिटाचं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढतो, सुईनं टिंबं पाडतो आणि स्वतःच फाडतो. दुसरं अर्धं वहिनींच्या हातात देतो. वहिनी ते केरात टाकतात. "कोणीतरी गेटकीपर व्हायलाच हवं," असं त्या म्हणतात.

गेल्या वर्षी, २ नोव्हेंबरला, त्याची पुतणी त्याला नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घेऊन गेली. बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल, दक्षिण आफ्रिका. पावसानं उशीर, मॅच मध्यरात्रीपर्यंत. शफालीचे ८७, दीप्तीचे पाच बळी, आणि शेवटचा झेल हरमनप्रीतनं मागे पळत घेतला. बाप्ये कोपऱ्यात उभे राहून रडत होते म्हणे.

झेल घेतला त्या क्षणी अर्धुकराव फोनवर बोलत होता.

हे सगळं मी गेली कित्येक वर्षं मैफलीत सांगत आलो आहे. नळ, बाक, वडापाव, फलाट, हवालदार, दहाचा आकडा, आणि आता फोन. लोक पोट धरून हसतात. तोही तिथेच बसलेला असतो, हसतो, आणि काही बोलत नाही. मी त्याला भिडस्तपणा समजायचो.

या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीत तो आला होता. आरती झाली, खिरापत झाली, आणि पोरांनी मला घेरलं. माझी एक ठेवणीतली गोष्ट आहे. नोव्हेंबर २००४, ऑस्ट्रेलिया, वानखेडे, तिसरा दिवस. एका दिवसात वीस गडी पडले. मायकेल क्लार्क नावाच्या पोरसवदा गड्यानं नऊ धावांत आपले सहा गुंडाळले. ऑस्ट्रेलियाला हव्या होत्या फक्त १०७, आणि हरभजन-कार्तिकनं त्यांना ९३ मध्ये संपवलं. ही गोष्ट मी उभं राहून सांगतो. चेंडू कसा वळत होता ते मनगटानं दाखवतो. सचिनचे ५५, लक्ष्मणचे ६९, सगळं हावभावासकट. ती सांगताना माझा आवाज अजूनही भरून येतो.

मी तिथे नव्हतो.

म्हणजे आदल्या दिवशी होतो. मालिका नागपूरलाच गेली होती. पहिला दिवस पावसात गेला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी रजा टाकून गेलो आणि आपण १०४ मध्ये आटपलो. वैताग आला. चर्चगेटला अर्धुकरावाच्या हातात माझी पाच दिवसांची तिकिटं कोंबली, "उद्याचं कुणाला तरी दे, माझी रजा वाया घालवायची नाही," म्हणालो, आणि शुक्रवारी ऑफिसात जाऊन फायलींवर सह्या केल्या. दुपारी कॅन्टीनच्या रेडिओवर ऐकलं. माझं खोटंही अर्धंच आहे, एक दिवसाचं. पण वीस वर्षं सांगून ते इतकं गुळगुळीत झालंय की मलाही आता तो शुक्रवार दिसतो, उन्हासकट.

तर गोष्ट संपली. टाळ्या पडल्या. आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक चौदा वर्षांचा पोरगा, चष्मेवाला, शांतपणे म्हणाला, "आजोबा, अर्धुक आहे?"

कुणी शिकवलं असेल ते कळायला मला मान वळवायची गरज नव्हती. दोन दिवस अर्धुकराव ह्या पोरांबरोबर मांडवात कॅरम खेळत होता.

मी खिशात हात घातला. का घातला माहीत नाही, तिथे फक्त सुपारी होती. पोरं वाट बघत होती. आणि ज्या माणसानं नवऱ्या मुलीच्या सख्ख्या मामाला सोडलं नाही, पंच्याहत्तरीच्या सत्कारमूर्तीला सोडलं नाही, तो समोरच बसला होता. मी मामांसारखा कुठे आहेर द्यायचाय का ते बघू लागलो.

"होता," अर्धुकराव म्हणाला. "माझ्या डावीकडची सीट. त्याचं तिकीट माझ्याकडे आहे."

पोरानं मान डोलावली. निकाल लागला. वरच्या कोर्टात अपील नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो काही बोलेना म्हणून मीच म्हणालो, "अर्ध्या, काल खोटं कशाला बोललास?"

"काय खोटं बोललो?" त्यानं डबा काढला. "सीट तुझी होती. तिकीट माझ्याकडे आहे." मी वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. त्यात कुठेच खोट नव्हती. हिशेब खातं.

मग वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि तो दिवा जवळ ओढून एकेक अर्धुक बाहेर काढू लागला. इतकी वर्षं मी ती पुढून पाहिली होती. मागून कधी पाहिली नव्हती. मागे बारीक अक्षरात पेन्सिलनं नोंदी होत्या. प्रत्येकावर तारीख, उजवीकडे कोण, डावीकडे कोण. डावीकडे नेहमी 'हा'. 'हा' म्हणजे मी.

सत्त्याऐंशीचं उलटं केलं. 'गावसकर दिसला नाही. ह्यानं माझं अर्धुक बघायला घेऊन बाकाखाली पाडलं.'

शहाण्णव. 'सचिन दिसला नाही. ह्याला भूक लागली.'

दोन हजार दोन. 'शेवट नाही. ह्याला डोंबिवली फास्ट हवी.' माझी गाडी होती. तो तेव्हा दहिसरला राहायचा, त्याला सीएसटीला यायचं कारणच नव्हतं. पोचवायला आला होता.

दोन हजार नऊ. 'सेहवाग नाही. ह्याचा थालीपिठांचा स्टीलचा डबा आत सोडेनात.'

२०११चं मी त्याच्या हातातून घेतलं. चौघांना एका रांगेत तिकिटं मिळाली नव्हती. अर्धुकराव आणि टेलिफोन मागच्या रांगेत, बंड्या आणि मी पुढे. मी त्या दिवशी निळा शर्ट घातला होता. हौसेनं विकत घेतलेला. सचिनचा.

नोंद होती, 'समोर हा.'

म्हणजे पंच्याहत्तरचा नळ सोडला, तर मुंबईच्या क्रिकेटच्या इतिहासात आणि अर्ध्याच्या डोळ्यांत दर वेळी मीच आडवा आलो होतो. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरचं उलटं करायची मला हिंमत नव्हती. तो फोनही माझाच होता. घरी टीव्हीवर शेवटची जोडी बघवेना म्हणून लावलेला, स्टेडियमात वातावरण कसं आहे ते विचारायला.

"मग इतकी वर्षं मी लोकांना हसवत होतो तेव्हा बोलला का नाहीस?"

"छान सांगतोस तू," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे वाईट.

२०११च्या त्याच अर्धुकावर खाली अजून एक ओळ होती. 'टेलिफोन ओरडला नाही.' फक्त एवढंच. देश ओरडत होता, समोर मी नाचत होतो, आणि ह्यानं काय टिपलं, तर उजवीकडे बसलेला आपला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मित्र तोंड उघडून उभा आहे आणि आवाज येत नाही. टेलिफोनच्या घशाचं आम्हाला जूनमध्ये कळलं. डॉक्टरांनाही मे महिन्यातच. पुढच्या अर्धुकांवर उजवीकडचा रकाना रिकामा आहे. आखतो मात्र तो दर वेळी.

डब्याच्या तळाशी एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यात एकच कागद. डब्यातल्या सगळ्या तुकड्यांत हा वेगळा का दिसतोय ते कळायला मला थोडा वेळ लागला. तो अख्खा होता. टिंबांची रेघ जशीच्या तशी, कुणाचाही अंगठा न लागलेली. पाच दिवसांच्या तिकिटांतलं तिसऱ्या दिवसाचं पान, ५ नोव्हेंबर २००४.

"कुणाला तरी दे म्हणालो होतो की मी."

"मागणारे होते दोघं-तिघं गेटवर."

"मग?"

"तू येशील असं वाटलं. लंचला तरी."

आतून वहिनींनी चहात साखर किती म्हणून विचारलं. कितीतरी वर्षं त्या हेच विचारतात आणि मी दोन चमचे म्हणतो. ह्या वेळी अर्ध्यानंच उत्तर दिलं.

मी पान उलटं केलं. मागे लिहिलं होतं, 'डावीकडे कोणी नाही. सगळं दिसलं.' आणि त्याखाली रेघ मारून, 'ह्याचे पैसे येणे.'

मी पाकीट काढलं. खरंच काढलं, नोटाही बाहेर आल्या. अर्ध्यानं माझ्या हातातून पान घेतलं, पिशवीत सरकवलं, पिशवी डब्यात ठेवली आणि विलायती घराचं झाकण दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मग तिथे खोडावं लागेल."